अमेरिकन बार परीक्षा : शेवटच्या उजळणीत मूलभूत नियम कसे बसवावेत?

समुद्रापार

पुण्यात काही वर्षे दिवाणी वकिली केल्यानंतर मी एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) अमेरिकेत आले आणि येत्या जुलैमध्ये न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठीची परीक्षा, देणार आहे. ज्यांना या परीक्षेची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देते. परीक्षा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी प्रत्येकी ९० मिनिटांची दोन प्रात्यक्षिक लेखनकामे आणि प्रत्येकी ३० मिनिटांचे सहा निबंध असतात. दुसऱ्या दिवशी ‘एमबीई’ असते, म्हणजे २०० बहुपर्यायी प्रश्न, सकाळी शंभर आणि दुपारी शंभर. निम्मे गुण या दुसऱ्या दिवसावर अवलंबून असतात आणि न्यूयॉर्कमध्ये उत्तीर्ण होण्यासाठी ४०० पैकी २६६ गुण लागतात. एमबीईचे विषय सात आहेत : करार, अपकृत्ये (दुसऱ्याला केलेल्या इजेबद्दलचे दिवाणी दावे), स्थावर मालमत्ता, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, संविधान आणि फौजदारी कायदा व प्रक्रिया.

आता प्रश्नाकडे येते. जे विषय मला पूर्णपणे नवे आहेत त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण ते कोऱ्या पाटीवर लिहिले जातात. धोका आहे तो अर्ध्या ओळखीच्या नियमांत. उदाहरणार्थ, स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले की करार होतो, हे आपण १८७२ च्या भारतीय करार कायद्यात शिकतो आणि अमेरिकेतही नियम तोच आहे असे समजून पुढे जातो. परंतु आपल्या कलम ४ आणि ५ नुसार ते पत्र टाकताच प्रस्ताव देणारा बांधला जातो, तर स्वीकारणारा मात्र पत्र पोहोचेपर्यंत आपली स्वीकृती मागे घेऊ शकतो. अमेरिकेत पत्र टाकताक्षणी दोघेही बांधले जातात, त्यामुळे नंतर फोन करून ‘नको’ म्हटले तरी उपयोग नाही. पर्यायांत ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी दिलेली असतात.

म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी मी दोन रकान्यांची वही करावी असा विचार करीत आहे. डावीकडे भारतीय नियम, उजवीकडे अमेरिकन, आणि नोंद फक्त जिथे दोन्ही वेगळे होतात तिथली. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांना हा मार्ग योग्य वाटतो का?


रॅरिटनकाठ

माझे शिक्षण इथलेच, जेडी ही कायद्याची पदवीही इथलीच, त्यामुळे माझ्या डोक्यात डावा रकाना कधी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही मला ही कल्पना पटत नाही. दोनशे प्रश्नांना सहा तास, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. त्यांतली पहिली काही सेकंदे भारतीय कलम आठवण्यात आणि पुढची ते मनातून खोडण्यात गेली, तर प्रश्नातली वस्तुस्थिती वाचणार कधी?

या परीक्षेत नियमाचे घटक मोजता आले पाहिजेत. जुन्या कॉमन लॉमधली, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातली, ‘बर्गलरी’ घ्या. काहीतरी उघडून किंवा मोडून, आत शिरणे, दुसऱ्याच्या, राहत्या घरात, रात्री, आणि आत गंभीर गुन्हा करण्याच्या हेतूने. हे सहा घटक तोंडपाठ असतील तर प्रश्न वाचतानाच कोणता घटक गळला आहे ते दिसते. पावसापासून आडोसा मिळावा म्हणून एखादा माणूस बंद दार उघडून आत शिरला आणि नंतर भिंतीवरचे घड्याळ पाहून त्याची नियत फिरली, तर चोरी झाली, पण बर्गलरी झाली नाही, कारण हेतू शिरण्याच्या क्षणी असावा लागतो. परीक्षक या एका क्षणावर वर्षानुवर्षे प्रश्न रचत आले आहेत. तिथे जुन्या भारतीय दंड संहितेतल्या घरफोडीच्या व्याख्येची आठवण झाली तर गोंधळच वाढेल.

माझा सल्ला असा की वही एकाच रकान्याची करावी.


तहकूब

१०८ सेकंदांत आमच्या उच्च न्यायालयात ‘पुढची तारीख मिळावी’ एवढेच म्हणून होते, आणि तेही वकील आधीच उभा असेल तर. विनोद बाजूला ठेवून एक शंका विचारतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का?


समुद्रापार

नाही, वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये असे सगळे शिक्षक सांगतात. शिवाय २०० पैकी २५ प्रश्न चाचणीसाठी घातलेले असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत, मात्र ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. उरलेल्या १७५ मध्ये प्रत्येक विषयाचे २५ प्रश्न असतात.

रॅरिटनकाठ, आपला आक्षेप समजला. पण डावा रकाना मी मुद्दाम आठवत नाही, तो आपोआप आठवतो. तो आहे हे नाकारण्यापेक्षा त्याच्यापुढे लाल खूण करून ठेवावी, असा माझा विचार आहे.


नाझर

मी महाराष्ट्रातील सनदेच्या आधारावर कॅलिफोर्नियाची परीक्षा दिली. तिथे परदेशात रीतसर सनद असलेल्या वकिलाला एलएलएम न करताही बसता येते, त्यामुळे अमेरिकन वर्गात एकही दिवस न बसता मी हे नियम शिकलो. माझे मत आपल्या दोघांच्या मधले आहे. दोन रकाने सर्व विषयांना लागत नाहीत, पण पुराव्याच्या कायद्याला त्यांच्याशिवाय पर्याय नाही.

मृत्युपूर्व जबाबाचेच पाहा. आपल्याकडे पुरावा कायद्याच्या कलम ३२(१) नुसार, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ नुसार, जबाब देणारा मेलेला असावा लागतो, परंतु जबाब देताना त्याला मृत्यूची चाहूल असण्याची गरज नाही. खून असो, आत्महत्या असो किंवा अपघात, मृत्यूचे कारण वादात असले की पुरे. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, नियमांत यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट आहे. मृत्यू आता अटळ आहे अशी बोलणाऱ्याची खात्री झालेली असली पाहिजे. विधान त्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा परिस्थितीविषयी असले पाहिजे. आणि खटला मनुष्यवधाचा किंवा दिवाणी असला पाहिजे. मात्र बोलणारा प्रत्यक्षात मरण पावलाच पाहिजे असे नाही, तो साक्षीसाठी अनुपलब्ध असला की झाले. त्यामुळे ‘मी मरतो आहे, माझ्यावर अमक्याने गोळी झाडली’ असे म्हणून बेशुद्ध झालेला आणि अजूनही बेशुद्ध असलेला माणूस दिवाणी दाव्यात अमेरिकन परीक्षकाला चालतो. दरोड्याच्या फौजदारी खटल्यात हेच वाक्य ऐकीव पुरावा वगळण्याच्या नियमाच्या या अपवादाखाली चालत नाही. तिथे उद्वेगाच्या भरात निघालेल्या उद्गाराचा वेगळा अपवाद शोधावा लागतो, आणि तो बऱ्याचदा त्याच प्रश्नातल्या दुसऱ्या एखाद्या पर्यायात लपलेला असतो.

कबुलीजबाबाचेही तसेच आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे हक्कांची सूचना दिली असेल, आरोपीने ते हक्क समजून सोडले असतील आणि जबाब स्वेच्छेचा असेल, तर तो सरळ पुराव्यात येतो. झडतीची बाजू याच्या नेमकी उलट. बेकायदेशीर झडतीत सापडलेली वस्तू संबद्ध असेल तर आपले सर्वोच्च न्यायालय ती स्वीकारते. १९७४ चा पूरणमल निकाल प्रत्येक फौजदारी वकिलाला ठाऊक असतो. अमेरिकेत १९६१ च्या मॅप निकालापासून राज्यांच्या न्यायालयांतही अशी वस्तू वगळली जाते. थोडक्यात, पोलिसांच्या बाबतीत दोन्ही देश साशंक आहेत, पण संशय कुठे घ्यायचा यावर त्यांचे एकमत नाही. भारतीय वकिलाचे बोट इथे सवयीने चुकीच्या पर्यायावर जाते.


रॅरिटनकाठ

नाझर साहेब, झडतीच्या प्रश्नात वगळण्याचा नियम माहीत असणे ही फक्त सुरुवात आहे. झडती नेमकी कोणाच्या जागेची झाली हे परीक्षक आधी विचारतो. मित्राच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला, गाडी आणि सापडलेली वस्तू दोन्ही आपली नाहीत असे तो स्वतःच म्हणत असेल, तर १९७८ च्या राकास निकालानुसार गाडीच्या झडतीवर हरकत घेता येत नाही. दोन रकान्यांच्या वहीत हा मुद्दा कुठे बसतो?


नाझर

उजव्या रकान्यात, दुसऱ्या ओळीवर. 


लिंबूटिंबू

मी वकील नाही. आमच्या घरी परीक्षा सौ. देत आहेत आणि मी चहा देतो. गेल्या महिन्यापासून मी एखादी बातमी सांगू लागलो की ‘हे तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस’ अशी उलटतपासणी होते आणि नंतर माझे विधान कोणत्याही अपवादात बसत नाही असा निर्णय मिळतो.

मला मात्र एक प्रामाणिक प्रश्न आहे. एडिसनमध्ये माझ्या ओळखीचे दोन मराठी गृहस्थ भागीदारीच्या पैशांवरून भांडले आहेत. एक म्हणतो, तुला फेडरल कोर्टात खेचतो. तसे खेचता येते का?


रॅरिटनकाठ

लिंबूटिंबू, आपण नकळत दिवाणी प्रक्रियेतला सर्वांत आवडता परीक्षाप्रश्न विचारला आहे. प्रत्यक्ष सल्ला त्यांनी वकिलाकडूनच घ्यावा. मी केवळ परीक्षेपुरते उत्तर देतो.

फेडरल न्यायालयाचे दार दोन मुख्य कारणांनी उघडते. दावा फेडरल कायद्याखाली असावा लागतो किंवा पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असावे लागतात. भागीदारीच्या पैशांचा वाद साधारणपणे राज्याच्या कायद्याखाली येतो, म्हणून दुसरे कारण तपासावे लागेल. त्यासाठी एकाही वादीचे राज्य एकाही प्रतिवादीच्या राज्याशी जुळता कामा नये, हे १८०६ पासून ठरलेले आहे, आणि वादाची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असावी लागते. नेमकी ७५,००० असेल तर दार बंद. परीक्षक ही नेमकी रक्कम मुद्दाम लिहितात.

आता आपले दोन गृहस्थ. दोघेही भारतीय नागरिक असून एच-१बी व्हिसावर असतील, तर परदेशी विरुद्ध परदेशी असा दावा होतो आणि वेगळ्या नागरिकत्वाच्या आधारावर तो फेडरल न्यायालयात चालत नाही. एक जण न्यूजर्सीत स्थायिक झालेला अमेरिकन नागरिक आणि दुसरा एच-१बीवरचा भारतीय असेल, तर रक्कम पुरेशी असल्यास चालतो. पण त्या दुसऱ्याला ग्रीन कार्ड मिळाले असेल आणि तोही न्यूजर्सीतच स्थायिक असेल, तर पुन्हा चालत नाही, कारण एकाच राज्यात अधिवास असलेला कायम रहिवासी आणि त्या राज्याचा नागरिक यांच्यातील दावा कायद्यानेच वगळला आहे. आणखी एक गंमत अशी की अमेरिकन पासपोर्ट घेऊन जो कायमचा पुण्याला परतला, तो या नियमापुरता कोणत्याही राज्याचा नागरिक राहत नाही आणि परदेशीही ठरत नाही. या कारणावरून त्याला दावा लावता येत नाही आणि त्याच्यावरही लावता येत नाही.

राज्याचे न्यायालय अर्थातच सर्वांना खुले आहे.


लिंबूटिंबू

दोघेही एच-१बीवर आहेत. धमकी मागे घेण्यास सांगतो.


समुद्रापार

रॅरिटनकाठ, हे सगळे माझ्या वहीत जाणार. आणि इथे माझा डावा रकाना चक्क मदतीला येतो. स्थानिक अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्या संधीलाच घ्यावी, नाहीतर ती गेली, हे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ ने अंगवळणी पडलेले आहे. फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम १२ मध्ये व्यक्तीवरील अधिकारक्षेत्राच्या हरकतीचे तत्त्व हेच आहे. पहिल्या अर्जात किंवा पहिल्या उत्तरात ती घेतली नाही तर ती सोडून दिली असे धरतात. विषयावरील अधिकारक्षेत्राची हरकत मात्र अपिलातही घेता येते.


सातबारा

मी सातारा जिल्ह्यात जमिनीची कामे पाहणारा वकील आहे. अमेरिकेला जाण्याचा विचार नाही, पण धागा वाचून कुतूहल वाटले. आमच्याकडे पक्षकार साठेखत करतो, विसार देतो आणि खरेदीखत होईपर्यंत मालमत्ता विकणाऱ्याचीच असते. मधल्या काळात घर जळाले तर नुकसान विकणाऱ्याचे. तिकडेही असेच असेल ना?


समुद्रापार

सातबारा साहेब, तिकडे उलट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट म्हणते की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. अमेरिकन कॉमन लॉ मानतो की बंधनकारक साठेखत होताच समन्यायाच्या दृष्टीने खरेदीदार मालक झाला आणि विकणाऱ्याकडे केवळ पैशांच्या हमीपुरते नाव उरले. म्हणून साठेखतानंतर आणि खरेदीखताआधी, कोणाचीही चूक नसताना घर जळाले, तर करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास नुकसान खरेदीदाराचे होते आणि त्याला पूर्ण किंमत द्यावी लागते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाने कायदा करून हा धोका ताबा किंवा मालकी जाईपर्यंत विकणाऱ्याकडे ठेवला आहे, पण प्रश्नात तसा कायदा दिलेला नसेल तर एमबीईमध्ये जुनाच नियम लावायचा.


सातबारा

म्हणजे तिकडे साठेखताच्या दिवशीच विमा उतरवावा लागेल. बरे, आणि नोंदणीचे काय? आमच्याकडे शंभर रुपयांवरील स्थावर मालमत्तेचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले नाही तर विक्रीच होत नाही.


नाझर

हा फरक भारतीय परीक्षार्थीने पहिल्याच दिवशी पक्का करावा. अमेरिकेत दस्त स्वाक्षरी करून सुपूर्द केला की मालकी गेली. नोंदणी नसली तरी तो देणारा आणि घेणारा यांच्यात पूर्ण वैध असतो. नोंदणीचा प्रश्न येतो तो त्याच विकणाऱ्याने तीच जमीन दुसऱ्यांदा विकली तर.

समजा, ‘क’ ने जमीन ‘ख’ ला विकली आणि ‘ख’ ने दस्त कपाटात ठेवला. मग ‘क’ ने तीच जमीन ‘ग’ ला विकली, आणि ‘ग’ ने पूर्ण किंमत दिली व त्याला पहिल्या विक्रीची कल्पना नव्हती. त्यानंतर ‘ख’ ने जागे होऊन नोंदणी केली आणि शेवटी ‘ग’ ने केली. राज्याचा कायदा केवळ ‘माहिती’ पाहणारा असेल तर ‘ग’ जिंकतो, कारण खरेदीच्या क्षणी तो अनभिज्ञ होता. कायदा ‘माहिती आणि शर्यत’ दोन्ही पाहणारा असेल, जसा न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचा आहे, तर ‘ग’ हरतो, कारण अनभिज्ञ असूनही तो कचेरीत पहिला पोहोचला नाही. केवळ ‘शर्यत’ पाहणारा असेल तर कोणाला काय माहीत होते हे विचारण्याचे कारणच उरत नाही आणि ‘ख’ जिंकतो. प्रश्नात त्या राज्याच्या कायद्याचे वाक्य दिलेले असते. त्यात ‘प्रथम नोंदणी करणारा’ आणि ‘सद्भावनेने’ हे शब्द आहेत की नाहीत हे आधी पाहावे आणि मगच गोष्ट वाचावी. वस्तुस्थिती आधी वाचणारे बहुतेक जण आपली सहानुभूती ‘ख’ ला देऊन बसतात.

आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४८ वेळेने आधी असलेल्याला प्राधान्य देते आणि आपल्याकडे विक्रीला नोंदणी लागतेच, त्यामुळे हा सगळा खेळ आपल्या सवयीला परका आहे.


तहकूब

सातबारा साहेब, ‘ख’ ने दस्त कपाटात ठेवला म्हणजे तो नक्की आपल्याच तालुक्यातून तिकडे गेलेला असणार.


कुळकायदा

संविधानावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते डावा रकाना सर्वांत धोकादायक ठरतो तो तिथे. आपण आणि ते दोघेही संघराज्य, दोघांकडेही लिखित संविधान आणि न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणून विद्यार्थी निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात शेष अधिकार, म्हणजे कोणालाही स्पष्टपणे न दिलेले अधिकार, आपल्याकडे अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे आहेत, तर अमेरिकेत दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे. आरोग्य, सुरक्षितता, नीती यांसाठी सर्वसाधारण कायदे करण्याचा अधिकार राज्यांना आहे. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, तो नाही. ‘सर्वसाधारण कल्याणासाठी काँग्रेस हा कायदा करू शकते’ असा पर्याय दिसला की भारतीय मनाला तो स्वाभाविक वाटतो. तिथे कल्याण हा शब्द कर लावणे आणि खर्च करणे या अधिकाराला जोडलेला आहे, स्वतंत्र अधिकार म्हणून तो उभा राहत नाही. काँग्रेसच्या कायद्याला आधार हवा असेल तर बहुधा आंतरराज्य व्यापाराच्या कलमात शोधावा. १९४२ च्या विकार्ड निकालाने स्वतःच्या शेतात स्वतःच्या वापरासाठी पिकवलेला गहूसुद्धा त्या कलमाखाली आणला, आणि १९९५ च्या लोपेझ निकालाने शाळेजवळ बंदूक बाळगण्याला त्याबाहेर ठेवले.

दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला. आपले राष्ट्रपती अनुच्छेद १४३ खाली न्यायालयाचे मत मागवू शकतात. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना १७९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला असेच मत विचारले गेले आणि न्यायमूर्तींनी नकार दिला. तेव्हापासून फेडरल न्यायालये खऱ्या वादाशिवाय मत देत नाहीत. जनहित याचिकेवर वाढलेल्या वकिलाने तर हे भिंतीवर लिहून ठेवावे की वादीला स्वतःला ठोस इजा झालेली असावी किंवा होऊ घातलेली असावी, ती प्रतिवादीच्या कृतीमुळे असावी आणि निकालाने ती दूर होण्यासारखी असावी. केवळ करदाता किंवा जागरूक नागरिक म्हणून उभे राहता येत नाही.


रॅरिटनकाठ

करदात्याला एक अरुंद अपवाद आहे. काँग्रेसने खर्चाच्या अधिकाराखाली दिलेला पैसा धर्मसंस्थेच्या कलमाचा (शासनाने धर्माची प्रस्थापना करू नये या तरतुदीचा) भंग करतो असे म्हणणे असेल, तर १९६८ च्या फ्लास्ट निकालाप्रमाणे करदाता येऊ शकतो. पुढच्या निकालांनी हा अपवाद वाढू दिलेला नाही.

कुळकायदा, आपल्या यादीत एक भर घालतो. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी दुरुस्ती फक्त शासनाच्या कृतीला लागू होते. खासगी दुकानदाराने वंशावरून कोणाला नाकारले, तर उत्तर चौदाव्या दुरुस्तीत शोधू नये. काँग्रेसने केलेल्या कायद्यात शोधावे, किंवा तेराव्या दुरुस्तीच्या अधिकाराखाली केलेल्या कायद्यात, कारण गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती खासगी व्यक्तींनाही बांधते.


कुळकायदा

बरोबर. आणि आपल्याकडे अनुच्छेद १५(२) व १७ खासगी व्यक्तींनाही थेट लागू होतात, त्यामुळे हा फरक आपल्या लोकांच्या लक्षात उशिरा येतो. रॅरिटनकाठ, आपण एक रकान्याचे पुरस्कर्ते असूनही आमच्या डाव्या रकान्यात सतत भर घालत आहात, याची नोंद घेतली आहे.


रॅरिटनकाठ

नोंद घ्यावी, पण मत बदललेले नाही. मी जे सांगतो आहे ते उजव्या रकान्यातलेच नियम आहेत.


तहकूब

अपकृत्यांवर एक मुद्दा. बदनामीच्या दाव्यात ‘आमचे म्हणणे खरे होते’ हे आपल्याकडे प्रतिवादी सिद्ध करतो. तिकडे तसे नसते असे ऐकले आहे.


नाझर

बरोबर ऐकले आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर प्रसारमाध्यमाविरुद्ध दावा असेल तर विधान खोटे होते हे वादीने सिद्ध करायचे, असे १९८६ च्या हेप्स निकालाने ठरवले. वादी सार्वजनिक अधिकारी असेल तर त्याहून पुढे जाऊन, १९६४ च्या सलिव्हन निकालानुसार, ते खोटे असल्याचे ठाऊक होते किंवा खरेखोटेपणाची बेपर्वाई केली, हेही स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवावे लागते. इथे वादीच्या मनातला राग किंवा प्रतिवादीचा आकस यांना महत्त्व नाही. ‘संपादकाला महापौरांचा द्वेष होता’ हे वाक्य प्रश्नात केवळ दिशाभूल करण्यासाठी असते.


समुद्रापार

चर्चा भरपूर झाली, सर्वांचे आभार. मूळ प्रश्न अजून बाकी आहे. परीक्षेला आता थोडेच आठवडे राहिले असताना वही करण्यात वेळ घालवावा की प्रश्न सोडवण्यात?


नाझर

प्रश्न सोडवण्यात, आणि वही त्यातूनच तयार होऊ द्यावी. आधी तक्ता आखून मग तो भरायला बसलात तर करार कायद्यावरच पंधरवडा जाईल, कारण तिथे फरक पावलोपावली आहेत. भूतकाळात केलेल्या कृतीचे प्रतिफल (मोबदला) आपल्या कलम २(घ) ला चालते, तिकडे चालत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरीबीबी निकालापासून मुळातच शून्य, तर तिकडे केवळ अज्ञानाच्या मर्जीने रद्द होणारा. दंडाची रक्कम करारात लिहिली तर आपले कलम ७४ न्यायालयाला त्या मर्यादेत वाजवी भरपाई देऊ देते, तर तिकडे दंड ठरणारे कलम अंमलातच येत नाही. शिवाय मालाच्या विक्रीला यूसीसी (व्यापारी व्यवहारांची समान संहिता) आणि बाकी करारांना कॉमन लॉ हा दुपदरी रस्ता आपल्याला शिकवलेला नसतो. मालाचा करार नंतर बदलताना यूसीसीला नवे प्रतिफल लागत नाही, सद्भावना पुरते. घर रंगवण्याच्या करारात मात्र कॉमन लॉप्रमाणे नवे प्रतिफल लागते.

यांतले कोणते फरक तुम्हाला खरोखर अडवतात हे तुम्ही सोडवलेले प्रश्नच सांगतील. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा : नियम माहीत नव्हता, नियम माहीत होता पण वस्तुस्थिती नीट वाचली नाही, की भारतीय नियम लावला. डावा रकाना फक्त तिसऱ्या प्रकाराच्या चुकांसाठी ठेवावा. तो दोन पानांपलीकडे जात असेल तर काहीतरी जास्त लिहिले जात आहे असे समजावे.


रॅरिटनकाठ

दोन पाने मला मान्य आहेत. निबंधांसाठी मात्र उजवा रकाना पूर्ण वाक्यांत लिहावा. परीक्षक प्रत्येक निबंधाला फार वेळ देत नाही. प्रश्न, नियम, तो नियम वस्तुस्थितीला कसा लागतो हे आणि निष्कर्ष हे त्याला त्याच क्रमाने दिसले पाहिजेत. भारतीय वकिलांचे निबंध बहुधा निकालांच्या नावांनी भरलेले असतात. इथे नावाला जवळपास गुण नाहीत, नियमाच्या अचूक वाक्याला आणि त्यानंतरच्या ‘कारण’ या शब्दाला आहेत.


लिंबूटिंबू

सौ. विचारत आहेत की परीक्षाच बदलणार आहे असे जे म्हणतात, त्याचे काय?


समुद्रापार

‘नेक्स्टजेन’ नावाची नवी परीक्षा जुलै २०२६ पासून काही राज्यांत सुरू होते. न्यूयॉर्क जुलै २०२८ पासून ती स्वीकारणार आहे. तिच्यात पाठांतरापेक्षा कौशल्यांवर भर आहे, पण करार, पुरावा, मालमत्ता, अपकृत्ये, संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी कायदा हे विषय तिच्यातही आहेत, त्यामुळे सध्याची उजळणी वाया जाणार नाही.


सातबारा

शेवटची शंका. एखाद्या प्रश्नात घटना न्यूयॉर्कमध्ये घडली असे लिहिले असेल, तर न्यूयॉर्कचा कायदा लावायचा का? आपण वर म्हणालात की जळालेल्या घराबाबत न्यूयॉर्कचा कायदा वेगळा आहे.


समुद्रापार

लावायचा नाही. एमबीईमध्ये राज्याचे नाव आले तरी उत्तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे किंवा फेडरल नियमांप्रमाणे द्यायचे, आणि प्रश्नातच एखादा कायदा छापलेला असेल तर त्याप्रमाणे. न्यूयॉर्कच्या स्वतःच्या कायद्यासाठी वेगळा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि त्यानंतर ५० बहुपर्यायी प्रश्नांची, दोन तासांची वेगळी परीक्षा आहे. तिथे साहित्य उघडून उत्तरे देता येतात आणि ३० बरोबर यावी लागतात. जळालेल्या घराचे न्यूयॉर्कचे उत्तर मी त्या परीक्षेसाठी राखून ठेवले आहे.